कागल एमआयडीसीला गाडी शेअर करून जायचं कसं जमवलं: माझा अनुभव

बरेच जण विचारतात की तुमचा ग्रुप जमला कसा, पैशाचं कसं ठरवलं, भांडणं होत नाहीत का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

मी कोल्हापुरात संभाजीनगरला राहते, काम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, जनरल शिफ्ट. जाऊन येऊन ४५ किलोमीटरच्या आसपास. आधी ॲक्टिव्हावरून जायचे. एसटी आहे पण ती कागल स्टँडला सोडणार, तिथनं आत कंपनीपर्यंत परत रिक्षा नाहीतर वडाप (सीटवर चालणारी खासगी जीप), आणि पंचिंगची वेळ तर थांबत नाही. हायवेचं सहापदरीकरण चालू झाल्यापासून जागोजागी डायव्हर्जन आणि धूळ, त्यात उसाचा सीझन लागला की संध्याकाळी अंधारात पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, उसाची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, आणि तो दिसतो तेव्हा आपण त्याच्या अगदी मागं आलेलो असतो. आमच्या शॉपमधला, म्हणजे कंपनीतल्या विभागातला, एक मुलगा असाच धडकला, पायात रॉड घातलाय त्याच्या. तेव्हापासून घरातनं रोज फोन, निघालीस का, पोचलीस का. म्हणलं आता काहीतरी केलंच पाहिजे.

कंपनीत कार असणारे बरेच होते आणि प्रत्येकजण एकटाच यायचा. मी कँटीनमध्ये एकेकाला विचारत गेले की तुम्ही कुठल्या रस्त्यानं येता. असं विचारलं की लोक लगेच सांगतात, "माझ्या गाडीत घेता का" म्हणलं की मात्र कानकोंडे होतात, त्यामुळं तो प्रश्न मी कुणाला विचारलाच नाही, आधी नुसती रस्त्यांची यादी केली. हॉकी स्टेडियम, सायबर चौक, एसएससी बोर्ड, शाहू नाका, मग उजळाईवाडीवरनं हायवे, या एका लाइनवरचे आम्ही चौघं निघालो. शिरोलीकडच्यांना घ्यायचं ठरवलं असतं तर अख्ख्या गावाला वळसा पडला असता म्हणून त्यांना स्पष्ट नाही सांगितलं, त्यांनी पुढं आपला वेगळा ग्रुप केला.

पैशाचं आधी बोलून घेतलं. पेट्रोल शंभरच्या वर, कारचं ॲव्हरेज सतरा धरलं तर दिवसाचे साधारण २७० रुपये, चौघांत ६७-६८ पडतात. माझ्या ॲक्टिव्हाला दिवसाला लिटरभर लागायचं, म्हणजे कारनं जाऊन सुद्धा स्वस्त. टोलचा प्रश्न नाही, किणी नाका तिकडं पेठ वडगावकडं आणि कोगनोळी कागलच्या पुढं. पण एकानं चांगला मुद्दा काढला की पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीत पैसे घेऊन माणसं बसवली आणि काही झालं तर? इन्शुरन्स एजंटला गाठलं. तो म्हणला, "ताई, खासगी पॉलिसीत भाड्यानं वापर चालत नाही म्हणून लिहिलेलंच असतंय, आणि नुसती थर्ड पार्टी असंल तर आत बसलेल्यांना कव्हर नाही बघा." म्हणून आम्ही पैसे द्यायघ्यायचेच नाहीत असं ठरवलं. एक आठवडा एकाची गाडी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची, ज्याची गाडी त्याचं पेट्रोल. आणि चौघांचीही पॅकेज पॉलिसी (म्हणजे नुसती थर्ड पार्टी नाही) आहे का ते एकमेकांना कागद दाखवून बघितलं, हे जरा अवघड वाटतं पण करायचंच.

वर्षभरात आणखी लोक मागं लागले, त्यातल्या काहींकडं कारच नव्हती, मग पाळी कशी लावणार? तेव्हा पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची गाडी महिन्यावर घ्यायची ठरली. पहिला जो भेटला तो सकाळी शाळेची पोरं सोडून मग आमच्याकडं यायचा, शाळेत जरा उशीर झाला की आमचं पंचिंग गेलं, ते काही टिकलं नाही. मग एक मामा मिळाले, त्यांची ट्रॅव्हलर शनिवार-रविवार भाविक घेऊन जोतिबा, नरसोबाची वाडी, आदमापूर करते आणि मधले वार रिकामी उभी असायची. त्यांनाही बांधलेलं काम हवं होतं. परमिट, फिटनेस, पॅसेंजरचा इन्शुरन्स सगळे कागद बघितले आणि मग महिन्याचा आकडा ठरवला. अमावस्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला गर्दी असते, त्या दिवशी मामांना सुट्टी द्यायची आणि आम्ही आमच्या गाड्या काढायच्या, हे पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर खुणा करून ठेवलंय.

सगळ्यात जास्त वाद झाला तो सुट्टीच्या पैशांवरनं. "मी आठ दिवस रजेवर होतो, माझे कमी करा." पण गाडी तर तेवढीच पळते ना, डिझेलही तेवढंच. शेवटी सीटचा पूर्ण महिना भरायचा, सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांगायचं किंवा आपल्या जागी माणूस द्यायचा असं ठरलं. दोघं नाराज होऊन गेले, एकजण परत आले.

दुसरा नियम थांबण्याचा. स्टॉपवर तीन मिनिटं, बास. सायबर चौकात एकदा आमचे एक सीनियर साहेब आले नव्हते, मामा स्टेअरिंगवर हात ठेवून माझ्याकडं बघतायत, "मॅडम, थांबूया की ओ जरा, साहेब हाईत." मी म्हणलं मामा चला. सगळे गप्प बसलेले. साहेब त्या दिवशी आपली गाडी घेऊन आले आणि संध्याकाळी स्वतःच म्हणाले की बरोबर केलंत, नाहीतर उद्यापासून सगळेच उशिरा आले असते. त्यानंतर नियमाबद्दल कुणी काही बोललं नाही.

पावसाळ्यात ग्रुपवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी टाकायचं काम एकाकडंच आहे, ते नदीपलीकडच्या वडणग्याचे. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ती जवळ आली की ते बॅग घेऊन गावात बहिणीकडं राहायला येतात आणि त्यांचा स्टॉप तेवढ्यापुरता बदलतो. ४३ ला धोका पातळी, तोवर थांबलं तर नदीपलीकडनं येणं मुश्किल. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी बघितलेत त्यांना हे सांगायला लागत नाही.

आता काळजी आहे ती सेकंड शिफ्टच्या पोरांची. आम्ही पाचला सुखरूप बसून घरी येतो आणि ती रात्री साडेअकराला त्याच रस्त्यानं, त्याच ट्रॉल्यांच्या मागं, बाईकवर. त्यांच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात आणि एका लाइनवरची पोरं वेगवेगळ्या शिफ्टला पडतात, त्यामुळं त्यांचा ग्रुप बनतच नाही. मी एचआरला लेखी दिलंय की रोस्टर लावताना एका रस्त्याची माणसं एका शिफ्टला ठेवा, गाडीचं आम्ही बघतो. मामांचा भाचा रात्रीची ट्रीप मारायला तयार आहे. रोस्टर पुढच्या महिन्याचं निघतंय, त्याआधी उत्तर यावं म्हणून मी रोज जाऊन विचारतेय.