चार्ज ६४ टक्के, गाडी मात्र जागेवर

शनिवारी पुण्याहून कोल्हापूरला नणंदेकडे निघालो होतो. मी आमची इलेक्ट्रिक गाडी चालवत होते, शेजारी सासरे, म्हणजे बाबा. खंबाटकी घाट चढून उतरलो, सुरूर फाटा मागे टाकला आणि स्क्रीनवर लाल बॅटरीचं चित्र आलं. खाली '१२ व्होल्ट' असं काहीतरी. मी गाडी डावीकडे घेतली आणि बंद केली.

हीच चूक झाली. लाल दिवा लागल्यावर गाडी चालत असेल तर आधी ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या मोकळ्या जागेपर्यंत न्या, मग बंद करा. आमची पुन्हा उठलीच नाही. स्क्रीन काळी, गिअर 'पी'मध्ये अडकलेला, हँडब्रेक बटणाचा, तोही लागलेला.

पुढच्या तीन तासांत थांबलेल्या प्रत्येकाने विचारलं, "चार्जिंग संपलं का?" नव्हतं संपलं, ६४ टक्के होतं. पण मोठी बॅटरी गाडीला जोडणारा रिले, संगणक, दारांची कुलपं हे सगळं चालतं ते बॉनेटखालच्या साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ती मेली की मोठीतली वीज असून नसल्यासारखी.

बाबांना आधी मी गार्डरेलच्या पलीकडे उभं केलं. गाडीत बसून वाट बघायची नाही, कितीही ऊन असो. त्रिकोण चांगला पन्नास पावलं मागे ठेवला. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइन चोवीस तास असते, तिथे किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला. विम्याच्या रोडसाइडवाल्यांनाही फोन केला. त्यांना 'गाडी बंद पडलीये' एवढंच सांगितलं आणि पाऊण तासाने हूकवाली क्रेन आली. चालक बिचारा समजूतदार. मागच्या चाकाला लाथ मारून म्हणाला, "ताई, मागची चाकं जाम हायती. पुढनं उचलली तर टायर घासत जाणार. ह्याला टोचन जमत न्हाय." आणि परत गेला.

त्याचं बरोबर होतं. आणि चाकं मोकळी असती तरी दोरीने ओढून चाललं नसतं. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर चाकांना कायमची जोडलेली असते, मध्ये क्लच नसतो. दोरी बांधून ओढली की चाकांबरोबर मोटर फिरते, फिरली की वीज तयार करते आणि ती जाणार कुठे? मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर जळू शकतो. म्हणून फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: "इलेक्ट्रिक आहे, हँडब्रेक लॉक आहे, फ्लॅटबेडच पाठवा." मी दुसऱ्या फोनला सांगितलं. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, यायला दोन तास लागले.

मधल्या वेळात एका ट्रकवाल्याने केबल काढून जंप द्यायची, म्हणजे त्याच्या बॅटरीची वीज आमच्या बॅटरीला जोडायची तयारी दाखवली. हात जोडून नको म्हटलं. मोठे ट्रक आणि एसटीची यंत्रणा सहसा २४ व्होल्टची, आपली १२ची. जोडली की उरलंसुरलंही गेलं असतं.

फ्लॅटबेडवाल्याकडे बूस्टर, म्हणजे जंप द्यायची सुटी बॅटरी होती. लाल चिमटा प्लसला, काळा बॉनेटखालच्या उघड्या लोखंडाला. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलच्या जवळपासही हात न्यायचा नाही. स्क्रीन उजळली आणि माझ्या मनात आलं, सुटलो, आता चालवतच नेऊ! मिनिटभरात परत काळी. दुसऱ्यांदा उजळली तेव्हा तो ओरडला, "चालू करू नका, न्यूट्रल घ्या!" ब्रेकवर पाय, 'एन', हँडब्रेकचं बटण, मागून टक् असा आवाज आला आणि गाडी तसूभर हलली. तो जो एखादा मिनिट मिळतो, तो यासाठीच वापरायचा. चाकांमागे दगड मात्र आधी लावून ठेवा, रस्ता सपाट दिसला तरी. बूस्टर नसेल तर चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या आहेत का, हे फोनवरच विचारून घ्या.

ओढायचा हूक डिकीच्या गालिच्याखाली, पान्याच्या पिशवीत होता. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून तिथे पिळायचा. आम्ही पाच मिनिटं उजवीकडे पिळत बसलो, आटे उलटे होते. विंचने, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने गाडी वर घेताना पुढचा बंपर रॅम्पला टेकायला लागला, तेव्हा त्याने चाकांखाली दोन फळ्या सारल्या. पट्टे टायरवरूनच बांधायला लावा, गाडीच्या पोटाखाली काही अडकवू देऊ नका. तिथे मोठी बॅटरी आहे. वर चढली की परत 'पी' आणि हँडब्रेक. चारी बाजूंनी फोटो काढले, आधीच्या ओरखड्यांसकट.

निघण्याआधी साताऱ्याच्या वर्कशॉपला फोन करून इलेक्ट्रिकचा माणूस आज हजर आहे का, ते विचारलं. शनिवारी दुपारी हे विचारावंच लागतं. विम्यात मोफत अंतर किती आणि पुढे किलोमीटरला काय दर, हे गाडी वर चढण्याआधी ठरवा, चढल्यावर नाही.

वर्कशॉपमध्ये निदान अर्ध्या तासात झालं. छोट्या बॅटरीचा एक सेल बसला होता. नवी घातली आणि सहाला निघालो. कोल्हापुरात उतरल्यावर बाबा म्हणाले, "हे काय पुढे?" हूक बंपरमध्येच होता. चौकोनी झाकण बहुतेक अजून सुरूरच्या पुढे रस्त्याकडेला पडलेलं असेल.