बॉम्बचं काम सोडून निघालेला रोटब्लाट

मॅनहॅटन प्रोजेक्ट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब बनवायचा अमेरिकेचा प्रकल्प, म्हटलं की सगळे त्याचा प्रमुख शास्त्रज्ञ ओपेनहायमरबद्दल बोलतात, मला मात्र जोसेफ रोटब्लाट आठवतो. बॉम्ब तयार व्हायच्या आधीच, मनाला पटेना म्हणून ते काम सोडणारा तो एकटाच शास्त्रज्ञ.

जन्म 1908 चा, वॉर्सामधलं ज्यू कुटुंब, पहिल्या महायुद्धात घरचा धंदा बसला आणि हा इलेक्ट्रिशियनची कामं करत फिजिक्स शिकला. 1939 मध्ये लिव्हरपूलला चॅडविककडे गेला, न्यूट्रॉन शोधणारा तोच चॅडविक. ऑगस्टमध्ये बायको तोलाला न्यायला परत आला तर ती अपेंडिक्सने आजारी, प्रवास जमणार नव्हता, म्हणून हा एकटाच पुढे गेला आणि काही दिवसांतच हिटलर पोलंडमध्ये घुसला. तोला पुन्हा दिसलीच नाही, ज्यूंच्या त्या कत्तलीत गेली.

अमेरिकेत लॉस अलामोसला, जिथे बॉम्ब बनत होता तिथे, तो गेला ते हिटलरने आधी बॉम्ब बनवला तर काय, या एकाच धास्तीने. पण मार्च 1944 मध्ये तिथल्या चॅडविकच्या घरी जेवताना प्रकल्पाचा लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्हज सहज बोलून गेला की बॉम्बचा खरा रोख रशियावर आहे. रशिया तेव्हा दोस्त होता हो! आणि वर्षअखेरीस कळलं की जर्मनांनी बॉम्बचा नाद केव्हाच सोडलाय, मग हा तिथे राहिलाच नाही, निघाला. निघताना हेर असल्याचा संशय, खरं कारण कुणाला सांगायचं नाही ही अट, आणि वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला जाताना कागदपत्रांची पेटी ट्रेनमधूनच गायब झाली ती कायमची.

पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये त्याने रेडिएशनचा शरीरावर काय परिणाम होतो यावर काम केलं. 1954 मध्ये अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्यानंतर एका जपानी शास्त्रज्ञाकडून मिळालेल्या आकड्यांवरून त्याने हिशोब मांडला, की सरकार सांगतंय त्यापेक्षा हा बॉम्ब कितीतरी जास्त किरणोत्सर्ग पसरवतो. 1955 च्या, अण्वस्त्रांच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या रसेल-आइनस्टाइन जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या अकरा जणांत हा वयाने सगळ्यात लहान. त्यातूनच शास्त्रज्ञांची परिषद ठरली, नेहरूंनी दिल्लीला बोलावलंही होतं, पण सुएझ कालव्यावरून झालेल्या युद्धाच्या भानगडीत ते राहिलं आणि 1957 मध्ये कॅनडातल्या पगवॉश नावाच्या छोट्याशा गावात अमेरिकन आणि रशियन शास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले. ऐन शीतयुद्धात! माझ्या मते नोकरी सोडण्यापेक्षाही हे मोठं, कारण पुढची जवळपास पन्नास वर्षं तो हेच करत राहिला, पत्रं, बैठका, मनधरण्या.

1995 मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, अर्धा त्याला, अर्धा त्या पगवॉश परिषदांच्या संघटनेला. वय 87, आणि त्या भाषणातही त्याने एक मागणी मांडली, डॉक्टरांसारखी शास्त्रज्ञांनाही शपथ असावी.