सातवाहनांचा नकाशा: नाशिकचा टप्पा पूर्ण

मंडळी, नाणेघाट आणि जुन्नरनंतर आता नाशिक, कार्ले आणि जोगळटेंभी नकाशावर बसवून झालं. पद्धत तीच ठेवली आहे. अख्खं दख्खन एका रंगात रंगवायचं नाही. राजाचा हुकूम पोचल्याचा पुरावा असेल तिथे भरीव ठिपका, नाणी सापडली तिथे पोकळ वर्तुळ आणि प्रशस्तीतले, म्हणजे राजाची स्तुती करणाऱ्या लेखांतले, नुसते दावे फिकट रेघांनी.

सर्वांत जास्त वेळ नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्याला दिला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा १८व्या राज्यवर्षातला लेख तिथे आहे. सेनेच्या विजयी छावणीतून राजा गोवर्धनच्या (नाशिक परिसराच्या) अमात्य, म्हणजे अधिकारी, विष्णुपालिताला कळवतो: पश्चिम कखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलं आहे. उषवदात म्हणजे सातवाहनांचा शत्रू असलेल्या क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रप नहपानाचा जावई. त्याच्या स्वतःच्या दानांचे लेख त्याच डोंगरात, दहाव्या लेण्यात आहेत. म्हणजे शत्रूच्या जावयाची जमीन आता नवा राजा वाटतो आहे.

पण मला खरा मोलाचा वाटतो तो २४व्या वर्षाचा हुकूम. तेच दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, म्हणून त्याच्या बदल्यात नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली १०० निवर्तनं द्या, असं त्यात आहे. या वेळी राजासोबत राजमाताही आज्ञा देते आहे. पडीक राहिलेल्या एका शेताची खबर सहा वर्षांनी राजदरबारी पोचते आणि त्यावर निर्णय होतो! सत्ता किती खोलवर होती हे प्रशस्तीतल्या ‘तीन समुद्रांचं पाणी प्यालेल्या घोड्यांच्या’ वर्णनापेक्षा मला इथे जास्त दिसतं. गोवर्धनचा ठिपका त्यामुळे सर्वांत गडद केला.

कार्ल्यालाही हाच धागा सापडतो. उषवदाताने तिथल्या भिक्षूंना दिलेल्या करजिक गावाबद्दल पुढे सातवाहन राजाचा हुकूम मामाळच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला जातो.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचं वर्तुळ मात्र मोठं काढलं. १९०६ साली तिथे नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला. एका बाजूला त्याच्या नावासह तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली). खालून नहपानाचा चेहरा कधी कधी अजून डोकावतो. अशी नाणी संग्रहालयात बघायला मिळाली तर भिंग घेऊनच जा.

फिकट रेघांचं काम गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या नाशिकच्या लेखावरून झालं. गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षी कोरलेल्या या लेखात ती दिवंगत मुलाचे देश मोजते: असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती. आता यासमोर शक क्षत्रप रुद्रदामनाचा इ.स. १५०चा जुनागढचा लेख ठेवा. सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप आणि आकरावंती ही नावं तिथेही आहेत, या वेळी रुद्रदामनाच्या ताब्यातली म्हणून. दक्षिणापथपती (दख्खनचा स्वामी) सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असं तो सांगतो. त्यामुळे या पाच प्रदेशांसाठी वेगळा लेअर केला आहे. एकाच नकाशात कायमची सीमा आखली असती, तर ही ओढाताण दिसलीच नसती.

पुढचा टप्पा नंतरच्या सातवाहन राजाचा, यज्ञश्री सातकर्णीचा. नाशिकच्या लेखात त्याचं ७वं राज्यवर्ष, कान्हेरीला १६वं आणि थेट आंध्र किनाऱ्यावर चिन्न गंजामला २७वं, अशी रेष ओढायची आहे. जहाजाचं चित्र असलेली नाणी त्याच लेअरमध्ये येतील. त्याआधी पुळुमावी नावाच्या राजाच्या, आंध्रातल्या म्याकदोनीच्या लेखाचा ठिपका बसवायचा आहे. त्या लेखाचा किंवा त्याच्या कागदावर घेतलेल्या ठशाचा स्पष्ट फोटो कुणाकडे असेल, तर जरूर पाठवा.