पऱ्याकाठी पाऊण तास

१६ जुलै, रात्री

सकाळी सातच्या सुमारास फोन आला की गाय पहाटेपासून हंबरते आहे, सोट, म्हणजे मागून येणारा चिकट स्राव, स्वच्छ काचेसारखा गळतो आहे, डॉक्टरांनी लगेच निघावे. मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. पण ही दुरुस्ती करणे मी काही वर्षांपूर्वीच सोडून दिले. पहाटे माज, म्हणजे गाय फळायला आल्याची लक्षणे, दिसला असेल तर रेतन (कृत्रिम गर्भधारणा) संध्याकाळी करायचे आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा आमचा साधा हिशेब असल्यामुळे दुपारनंतर येतो असे सांगितले. या हिशेबाने आज मला पाण्यापासूनही वाचवले, असे आता वाटते.

साखरप्याहून आत जाणाऱ्या त्या रस्त्यावर चार पऱ्ये लागतात. देशावरचे लोक त्यांना ओढे म्हणतील. पहिल्या दोहोंवर मोऱ्या आहेत, तिसऱ्यावर एक जुना साकव आहे, आणि चौथ्यावर फक्त फरशी: खाली सिमेंटचे नळे, वर काँक्रीटचा पट्टा आणि दोन्ही कडांना चुना फासलेले दगड. नळ्यांत पातेरा आणि फांद्या अडकल्या की पाणी खालून जायचे सोडून वरून जाऊ लागते. मग रस्ता कोठे संपतो हे सांगायला ते पांढरे दगड तेवढे उरतात.

आज तेही दिसत नव्हते.

माझ्या डोक्यावर ऊन होते, पण आंबा घाटाच्या बाजूला काळे झाले होते आणि पाणी लाल होते. हे सगळे पऱ्ये पुढे काजळी नदीला मिळतात आणि काजळी भाट्याला समुद्राला मिळते. डोंगरापासून खाडीपर्यंतचे अंतरच इतके थोडे की वर कोसळलेला पाऊस तासाभरात खाली पोहोचतो, आणि वरचा थांबला की तितक्याच घाईने उतरतोही. म्हणून पाण्याच्या कडेला चिखलात एक काटकी रोवली, गाडी स्टँडवर लावली आणि बसलो. मागे बांधलेल्या कंटेनरमध्ये उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये रेतमात्रा होत्या. पाऊण तासाने त्यांचे काही बिघडणार नव्हते, आणि गायीचेही नाही.

पलीकडून एक तरुण आला, क्षणभर थांबला आणि गाडी पाण्यात घालून निघूनही आला. त्याचे धैर्य पाहून मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. पण त्याच्या गाडीवर ओझे नव्हते, आणि तीन वर्षांपूर्वी मी याच फरशीवर मधोमध नजर पाण्याकडे वळवण्याची चूक केली होती. वाहत्या पाण्याकडे पाहिले की पाणी थांबते आणि आपणच आडवे सरकू लागतो. भोवळ आल्यासारखे होऊन पाय टेकला, तो शेवाळावर पडला, आणि इंजिन बंद पडले. त्या वेळी घाबरून किक मारली नाही, एवढेच शहाणपण झाले. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही, आतला दांडा मात्र वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढली आणि प्लग काढून पाणी उडवले.

काटकीपासून पाणी चार बोटे मागे गेले, दगडांची डोकी दिसू लागली, तरी आधी चालत गेलो. फरशीच्या खालच्या अंगाला पाणी पडून पडून डोह झालेला असतो आणि वाहत्या पाण्याचा रेटा त्याच बाजूला असतो, म्हणून वरच्या अंगाने चाललो. पाणी नडगीच्या निम्म्यापर्यंत होते आणि पायाखाली काँक्रीट सलग लागत होते. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, हाफ क्लचवर आवाज चढता ठेवला, कारण अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून पाणी आत ओढले जाते, आणि नजर पलीकडच्या किंजळाच्या झाडावर ठेवली. पार होईपर्यंत गिअर बदलला नाही. पुढच्या उतारावर ब्रेक लागतच नव्हते. लायनर भिजले की असे होते, म्हणून ते हलके दाबत, घासून वाळवत, सावकाश गेलो.

साडेपाचला रेतन झाले. घरच्या आजींनी कोरा चहा दिला आणि उशिराबद्दल काही विचारले नाही. त्या घराला पऱ्या माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. परतताना पाणी घोट्याएवढे होते आणि पांढरे दगड एका ओळीत स्वच्छ दिसत होते. महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेल्यापासून पावसाळ्यात कोठलेही पाणी ओलांडले की आईला फोन करावा लागतो, तोही केला. घोट्याएवढेच होते म्हणून सांगितले. दुपारचे सांगितले नाही.

नोंदवहीत गाय लिहून ठेवली आहे. उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, तर २१ दिवसांनी, म्हणजे ६ ऑगस्टच्या आसपास, पुन्हा फोन येईल. त्याआधी मागच्या चाकाचे लायनर बदलून घ्यायला हवेत.