मेनमध्ये अस्वलाच्या शिकारीला जाताय? आधी गाइड नीट पारखा

सात दिवसांचं पॅकेज म्हणून पैसे भरले आणि कॅम्पवर पोचल्यावर कळलं की अमेरिकेच्या मेन राज्यात रविवारी शिकारीला बंदी आहे. म्हणजे दिवस सहाच. हे मला आधी माहीत असायला हवं होतं, कबूल. पण माणशी २६०० डॉलर घेणाऱ्याला ते माहीत नव्हतं असं कुणी सांगू नये. रविवारी आम्ही काय केलं? सामान उतरवलं आणि डास मारले.

शिकार हा शब्दच ज्यांना खटकतो त्यांनी इथेच थांबावं. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने ती बंद झाली, बरंच झालं. इथे काळी अस्वलं हजारोंनी आहेत. आमिष ठेवून त्यावर येणाऱ्या अस्वलाच्या शिकारीवर बंदी घालावी का, यावर मेनच्या मतदारांनी २००४ आणि २०१४ अशी दोनदा मतं दिली, आणि दोन्ही वेळा बंदी फेटाळली.

बॉस्टनहून बँगोर, मग पुढे राज्यमार्ग ११ ने ॲशलंडपर्यंत. गाडी चालवायला सुरेख. त्यानंतर लाकडाच्या ट्रकांचे कच्चे रस्ते. ट्रक दिसला की मुकाट बाजूला व्हायचं, तो थांबत नाही. नाक्यावर दिवसाप्रमाणे पैसे घेतात, ते पॅकेजमध्ये नव्हते.

मेहुणा एच-वन व्हिसावर आहे. अशा व्हिसावर असताना इथे बंदूक हाताळणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, वैध शिकार परवाना असलेल्यांना अपवाद आहे. रायफल उसनी असली तरी नियम हाच. फोनवर विचारलं तर गाइड म्हणाला, "काही प्रॉब्लेम नाही, या तुम्ही." त्याला मुळात प्रश्नच कळला नव्हता. शिकारीचा सुरक्षा-कोर्स करा, त्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही. परवाना खिशात आल्यावरच बंदुकीला हात लावा. आणि या प्रश्नावर जो गाइड "नो प्रॉब्लेम" म्हणेल त्याचा नंबर खोडा.

आता मुख्य गोष्ट. मेनमध्ये पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो. ही पद्धत १८९७ पासूनची आहे. पहिला परवाना कॉर्नेलिया क्रॉस्बी नावाच्या बाईंना मिळाला होता. परीक्षेत नकाशा-होकायंत्र असतं, हरवलेला माणूस कसा शोधाल हेही विचारतात. आमच्याशी फोनवर बोललेल्याकडे तो परवाना होता. पण आम्हाला जंगलात सोडायला आला एकोणीस-वीस वर्षांचा पोऱ्या, ज्याच्याकडे पिकअप होती. परवानावाला आठवडाभर कॅम्पच्या ओट्यावर. म्हणून परवाना आहे का, एवढं विचारून भागत नाही. "मला मचाणावर सोडायला आणि रात्री माग काढायला कोण येणार?" हे विचारा, नाव घ्या, आणि ईमेलवर घ्या.

बसायचं दुपारी अडीचपासून अंधार पडेपर्यंत. समोर आमिषाचं निळं पिंप, त्यात शिळे डोनट, मळी, तळणाचं तेल. पहिल्या दिवशी मेहुणा पिंपात डोकावून म्हणाला, "दाजी, या डोनटवर बुरशी आलीय. खातंय कोण हे?" कोणीच नाही. अस्वलांची ये-जा असलेली जागा लगेच कळते: पायवाट घासून गुळगुळीत झालेली असते, झाडाच्या सालीवर नख्यांचे ओरखडे असतात, विष्ठा ताजी असते. आमच्याकडे यातलं काही नव्हतं; पायाखाली मात्र कुणाच्या तरी सिगारेटची थोटकं.

आणि पिंपाजवळ लावलेल्या कॅमेऱ्याचे फोटो? बुकिंगच्या वेळी सहा पाठवले होते, सगळे खालून कापलेले, तारीख गायब. घरी परतल्यावर नीट पाहिले तर दोन फोटोंत अस्वलामागे नेच्याचे कोंब अजून गोल गुंडाळलेले. ते मे महिन्यात असतात. मेनमध्ये आमिष टाकता येतं मोसमाच्या फक्त तीस दिवस आधीपासून, म्हणजे जुलैअखेर. तेव्हा तारखेची पट्टी कापलेला फोटो म्हणजे फोटोच नाही. एका पिंपावर मोसमात किती जण बसवतो, हेही विचारा. उत्तरात "डिपेंड्स" आलं तर नको.

तिसऱ्या संध्याकाळी आरडाओरडा केल्यावर जागा बदलून मिळाली. ७ वाजून २५ मिनिटांनी अस्वल आलं. आडवं उभं राहिलं, जवळचा पुढचा पाय पुढे गेला, बार टाकला. ते झाडीत घुसलं. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वेळ संपते, म्हणून पावणेआठला रायफल रिकामी करून बसलो. पोऱ्या साडेआठला येणार होता. आला १० वाजून ४० मिनिटांनी. फोनला रेंज नाही. काळं अस्वल झाडावर सरसर चढतं, हे मला त्या तीन तासांत नको इतक्या वेळा आठवलं. स्वतःचं सॅटेलाइट यंत्र न्या, बाकी काही विसरलात तरी चालेल.

पोऱ्या ठामपणे म्हणाला, ते दलदलीकडे गेलंय. गुडघाभर चिखलात दोन तास घालवले. अस्वलाची चरबी जाड, केस लांब, रक्त जमिनीवर फारसं पडतच नाही. शेवटी परवानावाल्याने कुत्रा आणवला. कुत्र्याने वीस मिनिटांत दाखवलं: मचाणापासून सत्तर पावलांवर, दलदलीच्या बरोबर उलट्या दिशेला. आतडी काढून टाकल्यावर १४२ पौंड. गाइड फोनवर "तीनशे पौंडी" म्हणत होता. (कान मोठे आणि डोक्यावर उभे दिसले तर अस्वल लहान, थांबायला हरकत नाही; कान बारीक, बाजूला पडलेले दिसले तर मोठं. मी थांबलो नाही, थकलो होतो.)

कुत्र्याचे २५० डॉलर वेगळे. सोलायचे १५०. रात्री एक-दीडला "आता पैसे ठरवू" म्हणणाऱ्याशी घासाघीस करून पाहा, कळेल. माग, कुत्रा, सोलणं, नाका, जखमी होऊन निसटलं तर मोसम संपला धरणार का, हे सगळं आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या. "यशाची टक्केवारी" विचारू नका. नुसतं अस्वल दिसलं तरी ते यश धरतात. मागच्या वर्षी किती आले आणि किती जण मारलेलं अस्वल नोंदवून घरी गेले, हे दोन आकडे मागा. बीच नावाच्या जंगली झाडाला बिया भरपूर धरल्या की त्या वर्षी अस्वलं पिंपाकडे फिरकत नाहीत. हे आपणहून सांगणारा गाइड मिळाला तर त्याला दोनशे जास्त द्या.

उरलेले दिवस मेहुण्याच्या मचाणाचे. त्याला काही दिसलं नाही. सकाळी तळ्यावर ट्राउट मिळाले, छान होते.

नोंदणीच्या ठिकाणी वय मोजायला अस्वलाचा दात घेतात, त्याला घाबरू नका. मांसात ट्रिकिनेला नावाचे जंत असू शकतात आणि ते फ्रीझरमध्ये मरतातच असं नाही, तेव्हा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस. आम्ही कुकरला सात शिट्ट्या दिल्या, काळा मसाला घातला. ऑगस्टच्या उकाड्यात मांस पटकन जातं. बर्फ बँगोरलाच भरून घ्या. कॅम्पवर एक पिशवी दहा डॉलरला होती, आणि अर्धी वितळलेली.