बोन ते माकों: द्राक्षबागांतून, कालव्याकाठाने आणि जुन्या रेल्वेमार्गाने

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन या शहरापासून दक्षिणेला माकोंपर्यंत सायकलने जाताना सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या वाटेवर मोटारींशी गाठ क्वचितच पडते, आणि याचे कारण असे की यातला एकही मार्ग मुळात सायकलींसाठी तयार झालेला नव्हता. पहिला टप्पा द्राक्षबागायतदारांच्या शेतरस्त्यांचा आहे, दुसरा कालव्यातल्या नावा ओढण्यासाठी केलेल्या काठवाटेचा आणि तिसरा बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा. तिन्ही मार्गांची शांतता निरनिराळ्या कारणांनी आलेली आहे, त्यामुळे तिथे सायकल चालवण्याची रीतही वेगवेगळी ठेवावी लागते. मी आणि माझी पत्नी सप्टेंबरमध्ये उत्तरेकडून दक्षिणेकडे या वाटेने गेलो, आणि मागून येणाऱ्यांनाही मी हीच दिशा सुचवेन, कारण प्रसिद्ध बागा आधी पाहून झाल्या की पुढच्या, कमी गाजलेल्या मुलखाकडे निवांतपणे पाहता येते.

पॅरिसहून दिजोंपर्यंत वेगवान गाडीने दीड तासाच्या आसपास लागतात आणि तिथून प्रादेशिक रेल्वेने बोन अर्ध्या तासाच्या आत येते. निघण्याआधी अर्धा दिवस बोनच्या जुन्या रुग्णालयासाठी अवश्य ठेवावा. बर्गंडीच्या ड्यूकचे चान्सलर निकोला रोलें आणि त्यांची पत्नी गिगोन द सालें यांनी १४४३ साली गरिबांसाठी स्थापन केलेल्या या वास्तूचे रंगीत कौलांचे छप्पर छायाचित्रांतून सर्वांना ठाऊक असते, पण सायकलस्वाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी या संस्थेला द्राक्षबागा दान दिल्या, त्या बागांची वाईन १८५९ पासून लिलावाने विकली जाते आणि आज हा लिलाव दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. पुढे वाटेत ज्या वाफ्यांमधून आपण जातो, त्यांतले काही याच संस्थेचे आहेत.

बोनच्या दक्षिण वेशीवरून निघणारा द्राक्षबागांचा सायकलमार्ग पोमार, वोल्ने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे आणि शास्सान्य-मोंराशे या गावांमधून सांतनेपर्यंत जातो. अंतर जेमतेम बावीस किलोमीटर आहे, पण त्याला पूर्ण दिवस द्यावा असे माझे ठाम मत आहे. खाली सपाटीवरून डी ९७४ हा मोटारींचा रस्ता याला समांतर धावतो आणि त्या रस्त्यावरून पाहिले तर उतारावरच्या सगळ्या बागा एकसारख्या दिसतात. सायकलवरून मात्र मातीचा रंग बदलताना दिसतो, दगडी गडगे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळते, आणि चढ किंचित वाढला की पायांनाच उताराची जागा समजते. उताराच्या मध्यभागी, चुनखडी आणि मार्ल या चुनायुक्त चिकणमातीच्या पट्ट्यात, पाण्याचा निचरा चांगला होतो आणि सकाळचे ऊन थेट मिळते, म्हणून सर्वोच्च दर्जाच्या बागा तिथे आहेत. त्याखालच्या सपाटीवरची वाईन गावाच्या किंवा प्रांताच्या साध्या नावाने विकली जाते. एका गडग्याच्या अलीकडची आणि पलीकडची बाटली किमतीत कित्येक पटींनी वेगळी असते. अशा १,२४७ स्वतंत्र, नाव असलेल्या तुकड्यांना ‘क्लिमा’ म्हणतात आणि युनेस्कोने २०१५ मध्ये त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. जगप्रसिद्ध मोंराशे बाग अवघी आठ हेक्टरांची आहे आणि दोन गावांच्या हद्दीत विभागलेली आहे. सायकल गडग्याशी टेकवून पाच मिनिटांत तिची एक बाजू पायी चालून होते.

नाशिक किंवा सांगलीकडची द्राक्षबाग पाहिलेल्या माणसाला इथल्या वेली फारच ठेंगण्या वाटतील. आपल्याकडे मांडवाखालून किंवा वाय आकाराच्या ताटीखालून माणूस चालत जातो. इथे वेल कमरेच्या आसपास राखतात आणि एका हेक्टरात सुमारे दहा हजार वेली बसवतात. ओळींमध्ये जेमतेम मीटरभर जागा असल्यामुळे ट्रॅक्टर वेलींच्या ओळीवरून, उंच पायांवर उभा राहून चालतो. हे ट्रॅक्टर याच सायकलमार्गाचा वापर करतात आणि मार्गावरचा पहिला हक्क त्यांचाच आहे, कारण रस्ता त्यांच्या कामासाठी केलेला आहे. समोरून ट्रॅक्टर आला की थांबून कडेला व्हावे. तोडणीच्या दिवसांत हे वारंवार करावे लागते. पावसानंतर चाकांबरोबर आलेला चिखल काँक्रीटवर पसरून वळणे निसरडी होतात. ओळींमध्ये शिरू नये आणि घड तोडू नये. या टप्प्यावर सावली जवळजवळ नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे आणि पाण्याच्या दोन बाटल्या भरून घ्याव्यात. फ्रान्सच्या खेड्यांतील दफनभूमीत बहुधा नळ असतो. पाणी पिण्याजोगे नसल्याची पाटी नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

सांतनेला द्राक्षांचा उतार मागे राहतो आणि काठाकाठाने शान्यीमार्गे शालोंकडे नेणारा मध्य कालवा लागतो. अभियंता एमिलां गोते यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधून घेतलेला हा कालवा लुआर आणि सोन या दोन नद्यांना जोडतो. आता त्यावर मुख्यतः सहलीच्या नावा फिरतात, आणि काठवाटेवरून युरोपच्या पश्चिम किनाऱ्यापासून काळ्या समुद्राकडे जाणारा युरोवेलो ६ हा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग जातो. वाट सपाट आहे, नावांना वरखाली करणाऱ्या जलपाशांजवळ (लॉक) तेवढा लहानसा उतार लागतो, आणि खरे सांगायचे तर हा टप्पा काहीसा एकसुरी आहे. तो अर्ध्या दिवसात उरकून शालोंमध्ये वेळ घालवावा, कारण छायाचित्रणाचे जनक निसेफोर न्येप्स यांचा जन्म १७६५ साली या शहरात झाला आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय सोन नदीच्या काठावरच आहे.

शालोंहून जिव्रीकडे गेले की मला सर्वांत आवडलेला भाग सुरू होतो. जिव्रीपासून क्लुनीपर्यंतचा ४४ किलोमीटरांचा हरितमार्ग १९९७ मध्ये जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर खुला झाला आणि फ्रान्समधल्या अशा मार्गांपैकी तो पहिला मानला जातो. रेल्वेचा चढ नेहमीच सौम्य असल्यामुळे इथे लहान मुले आणि वयस्कर माणसेही न थकता सायकल चालवतात. दोन्ही बाजूंना झाडी आहे, डांबर गुळगुळीत आहे आणि जुन्या स्थानकांच्या इमारती वाटेत भेटत राहतात. ब्युसीला सहकारी वाईन संस्था आहे आणि तिथे चव घेऊन, न पटल्यास काही न घेता निघाले तरी कोणी वाईट वाटून घेत नाही. पुढे सें-जांगू हे मध्ययुगीन गल्ल्यांचे गाव, कोर्मातेंचा सतराव्या शतकातला वाडा आणि टेकडीवर तेझे हा ख्रिस्ती बंधुसमाज येतो. जगभरातले तरुण तिथे सामूहिक प्रार्थनेसाठी जमतात आणि दुपारची प्रार्थना बाहेरच्यांनाही खुली असते.

क्लुनीला मुक्काम करावाच. ९१० साली स्थापन झालेल्या या मठाचे तिसरे चर्च १०८८ मध्ये बांधायला घेतले गेले, १८७ मीटर लांबीचे ते चर्च रोममधले सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठाची मालमत्ता विकली गेली आणि खरेदीदारांनी चर्च पाडून त्याचे दगड विकले. आता क्रूसाच्या आकाराच्या त्या चर्चचा दक्षिणेकडचा हात आणि त्यावरचे मनोरे तेवढे उभे आहेत, आणि चर्चची लांबी समजून घेण्यासाठी शहरातल्या रस्त्यांवरून चालावे लागते. बर्गंडीच्या बागा आज इतक्या लहान तुकड्यांत का आहेत याचे एक उत्तरही इथे मिळते: क्रांतीत मठांच्या जमिनी विकल्या गेल्या, आणि पुढे वारसाहक्काच्या कायद्याने त्या मुलांमध्ये समान वाटल्या गेल्या.

क्लुनीच्या पुढे ब्वा-क्लेर हा १.६ किलोमीटरांचा बोगदा आहे. आतून दिवे आहेत, पण हवा थंड असल्यामुळे जाकीट हाताशी ठेवावे. थंडीच्या महिन्यांत वटवाघळांच्या शीतनिद्रेत व्यत्यय येऊ नये म्हणून तो बंद असतो आणि तेव्हा खिंडीवरून जावे लागते. बोगद्यापलीकडे बेर्झेचा किल्ला, बेर्झे-ला-व्हीलच्या लहानशा प्रार्थनागृहातली बाराव्या शतकातली भित्तिचित्रे आणि मग क्षितिजावर सोल्युत्रेचा ४९३ मीटर उंचीचा खडक दिसतो. त्याच्या पायथ्याच्या पुयी-फ्विसे बागांपर्यंत जाणारे रस्ते चढाचे आहेत आणि तिथे थोडी मोटारवाहतूकही असते. दमछाक झाली असेल तर हरितमार्ग न सोडता माकोंलाच जावे.

नियमांबद्दल थोडे. रक्तातल्या मद्याची प्रतिलिटर ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, म्हणून चव घेण्याच्या ठिकाणी ठेवलेल्या भांड्यात वाईन थुंकण्याचा संकोच करू नये. तिथले जाणकारही तेच करतात. बारा वर्षांखालील मुलांना शिरस्त्राण सक्तीचे आहे आणि वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात परावर्तक जाकीट घालावे लागते. दुपारचे जेवण बारा ते दोनच्या दरम्यानच मिळते, आणि रविवारी दुपारपासून सोमवारभर लहान गावांतली दुकाने बहुधा बंद असतात. शाकाहारी माणसाने उपाहारगृहांवर विसंबू नये, कारण भाजीच्या आणि अंड्याच्या पदार्थांतही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. सकाळीच पाव, बकरीच्या दुधाचे चीज, टोमॅटो आणि गुजेर नावाचे चीजचे फुगीर पाव घेऊन ठेवावेत. साधी, बत्तीस मिलिमीटरच्या पुढची टायरे असलेली सायकल पुरेशी आहे. भाड्याची सायकल माकोंला परत करता येते का हे आधी विचारावे, आणि तशी सोय नसल्यास काळजी करू नये: दिजों ते लियोंची मुख्य रेल्वे याच वाटेला समांतर धावते, प्रादेशिक गाड्यांमध्ये सायकल नेता येते आणि माकोंहून शालों, शान्यी किंवा बोनला त्याच संध्याकाळी परतता येते. आवडलेल्या बाटल्यांच्या लेबलांची छायाचित्रे घ्यावीत आणि खरेदी या परतीच्या दिवशी, सायकल परत केल्यावर करावी.