गुरुवारचा समुद्र आणि खतखत्याचा डबा

अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण नेहमी गुरुवारीच येतो. तिथे 1941 च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार त्यासाठी ठरला, आणि गोव्यात कितीतरी हिंदू घरांत गुरुवार म्हणजे शिवराक, शाकाहारी जेवण. तिकडून सुट्टीला आलेल्या लेकी-जावयांना समुद्रावर न्यायचं ते नेमकं मासळी नसलेल्या दिवशी! पण सण मुळात पिकाचा, आणि याच सुमाराला आपल्याकडेही नवं भात मळून घरात आलेलं असतं. या सणाला खातात ती टर्की शोधत फिरण्यापेक्षा नव्या तांदळाचा भात आणि खतखतं (खोबऱ्याच्या वाटणातलं मिसळ भाज्यांचं कालवण) न्यावं. समुद्रकाठी खायला याहून बरं जेवण नाही.

मात्र जेवणाआधी भरतीची वेळ बघा. 2026 साली तो गुरुवार 26 नोव्हेंबरला येतो आणि त्रिपुरारी पौर्णिमा 24 ला. म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. अशा वेळी गोव्यात भरती साधारण दुपारी बाराच्या आगेमागे आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यावी. सकाळी नऊला पाणी दूर दिसतं म्हणून ओल्या वाळूच्या कडेला चटया टाकणारे बरोबर पानं वाढायच्या वेळी डबे उचलून पळतात. वाळूवर काटक्या, शिंपल्या, सुकलेलं शेवाळ यांची एक ओळ दिसते, ती आधीच्या भरतीची खूण. तिच्याही वर दहा-पंधरा पावलं जाऊन बसावं.

जेवणानंतर पाणी ओसरू लागतं, आणि पोरं नेमकी तेव्हाच आत जायला निघतात. नदीच्या मुखाशी ओहोटीची ओढ सगळ्यात वाईट. मोबरला साळ, मोरजीला शापोरा, केरीला तेरेखोल, मिरामारला मांडवी: पाणी कितीही शांत दिसलं तरी तिथे उतरू नये. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर काणकोणातलं पाळोळे उत्तम, कारण तिथला किनारा अर्धचंद्रासारखा वळलेला आहे आणि लाटा मऊ. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच पोहावं, लाल बावटा असेल तिथे अजिबात नाही. कोणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावं, मग बाहेर यावं.

सावलीचं काम वाटतं तितकं सोपं नसतं. तंबूच्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, दीड फूट खोल आडवी पुरा. ती हलत नाही. सकाळी वारा जमिनीवरून येतो, दुपारी फिरून समुद्रावरून सुटतो. आपले किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दोननंतर ऊन आणि वारा एकाच बाजूने येतात. ताडपत्रीची समुद्राकडची कड गुडघ्याएवढी खाली आणा. ती उंच ठेवली तर शिडासारखी फुगते आणि दोऱ्या तुटतात. माडाखाली मात्र बसू नका. सुरूची सावली विरळ, पण डोक्यावर नारळ पडत नाही.

आता खतखतं. उघड्या किनाऱ्यावर चूल पेटवायला आणि दारू प्यायला गोव्यात कायद्याने बंदी आहे, दंड होतो. म्हणून सगळं घरूनच शिजवून न्यायचं. बारा माणसांना एक वाटी तूरडाळ, भाज्या मिळून अडीच किलो (सुरण, कणगी हा कंद, लाल भोपळा, मुळा, शेंगा, कच्ची केळी, मक्याच्या कणसाचे तुकडे), एक मोठा नारळ, आठ-दहा सुक्या मिरच्या, पंधरा तिरफळं, सहा-सात आमसुलं आणि गुळाचा लिंबाएवढा खडा. सुरण आधी आमसुलाबरोबर शिजवा, नाहीतर घसा खवखवतो. भोपळा शेवटी, तो विरघळतो. तिरफळांच्या आतल्या काळ्या बिया काढून टाकायच्या, सालं थोड्या पाण्यात ठेचून ते पाण्यासकट उतरवायच्या जरा आधी घालायचं. खोबऱ्याबरोबर वाटली तर कडू होतं.

या जेवणाचा शत्रू म्हणजे ओलं खोबरं. कोमट झालेलं वाटण दुपारपर्यंत आंबतं. म्हणून वाटण घातल्यावर चांगली उकळी आणा, कढत असतानाच गरम राहणाऱ्या डब्यात काठोकाठ भरा (डबा आधी उकळत्या पाण्याने धुवून) आणि एकच्या आत जेवा. उरलेलं संध्याकाळसाठी ठेवू नका. सोलकढीचं नारळाचं दूध आणि आगळ (कोकमाचा खारा रस) वेगवेगळं न्या, दूध बर्फात, वाढताना मिसळा. आगळात मीठ असतंच, चव घेतल्याशिवाय वरून घालू नका. नवा तांदूळ कमी पाणी पितो: वाटीला नेहमीपेक्षा पाव वाटी पाणी कमी, नाहीतर भाताचा गोळा होतो. संध्याकाळच्या चहाबरोबर येताना पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेल्या पोया, म्हणजे गोव्याचे पाव, पुरतात.

उत्तरेतून दक्षिणेला जाणाऱ्यांनी जुन्या गोव्याचा रस्ता टाळावा, तिथे 3 डिसेंबरच्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताआधीची नव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू असते.

सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. तेव्हा न्यूजर्सीत गुरुवारची सकाळ उजाडलेली असते, साडेसात वाजलेले. तिकडच्यांना फोन लावायचा तर हीच वेळ, त्यांची भट्टी तापायच्या आत. जीवरक्षकही सहानंतर नसतात, तेव्हा सूर्य टेकायच्या आधी सगळ्यांना पाण्याबाहेर काढा. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येऊ लागतात, म्हणून तिथे अंधारात विजेऱ्या नाचवू नका. पिशव्यांतली वाळू तिथेच रिकामी करायची आणि दोऱ्या मोजून घ्यायच्या. एक तरी नेहमी वाळूत राहते.